लाडू जेवत नाही

पायथनच्या पाठीवर हळदकुंकू वाहिलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. काचेच्या पेटीला झेंडूची माळ घातली होती. पेटीला लागून देव्हारा, देव्हाऱ्यात समई, खाली उदाची वाटी. धूर संथपणे वर चढत होता आणि पेटीच्या जाळीतून आत उतरत होता. आत माझा पेशंट स्वतःची गुंडाळी करून बसला होता. डोकं गुंडाळीच्या पार आत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी पिवळ्या-तपकिरी लोकरीचा गुंडा ठेवलाय.

"तिन्नदा?" स्वयंपाकघरातून बाईचा आवाज आला.

"नाही, अत्तम्मा," पेटीजवळ उभी असलेली मुलगी म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "सासूबाई आहेत. जेवला का, असं विचारतायत. मला एवढं एकच तेलुगू चांगलं येतंय आता. दिवसातनं दहा वेळा कानावर पडतंय की."

मी सोलापुरात जनावरांची डॉक्टर आहे. आयुष्य गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या आणि अलीकडे सोफ्यावर झोपणाऱ्या कुत्र्यांमध्ये गेलं. सापाचे पेशंट अधूनमधून येतात, तेही सर्पमित्रांनी उचलून आणलेले, कुठं फावडं लागलेले, कुठं जाळ्यात अडकलेले. पाळलेला साप म्हणजे अपूर्वाईच. पण मला हे पेशंट आवडतात. मी मुळात सुस्त बाई. ज्याला कसलीच घाई नाही अशा जनावरासमोर बसून राहायचं आणि त्याबद्दल फीही घ्यायची, यापरतं सुख कोणतं?

मुलीचं नाव ऋतुजा. बार्शीची. तिचा नवरा व्यंकटेश. दोघं पुण्यात एकत्र शिकत होते, तिथंच जमलं, आणि संक्रांतीनंतर लग्न झालं. व्यंकटेशच्या घरी टॉवेलचा कारखाना आहे. कारखाना म्हटलं की परगावच्या माणसाला चिमणी आणि भोंगा आठवतो. आमच्याकडे कारखाना म्हणजे घराच्या भिंतीला भिंत लावून उभी केलेली पत्र्याची शेड, आणि तिच्यात दाटीवाटीनं बसवलेले पॉवरलूम, म्हणजे विजेवर चालणारे माग. ही विणकर मंडळी घरात तेलुगू बोलतात, बाहेर मराठी. ऋतुजा घरात मराठी बोलायची आणि बाकीचे आपसात काय बोलतात याचा अंदाज घेत राहायची.

माहेराहून ती दोन वस्तू घेऊन आली होती. एक लाडू आणि दुसरा छोटा फ्रिज. फ्रिजमध्ये लाडूचं जेवण, म्हणजे गोठवलेले उंदीर. "सासरच्या फ्रिजात उंदीर ठेवलेस तर आठ दिवसांत परत येशील," असं म्हणून तिच्या वडिलांनीच तो घेऊन दिला होता. माणूस दूरदृष्टीचा.

लाडू हा बॉल पायथन. अजगराच्या कुळातला, पण अजगर म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तेवढं धूड नाही. हातभर-दोन हात लांब, अंगानं गुबगुबीत, बिनविषारी, स्वभावानं भित्रा. मूळचा आफ्रिकेतला. घाबरला की पळत नाही, फुत्कारत नाही. डोकं मधे लपवून चेंडू होतो, म्हणून नाव बॉल पायथन. आपल्याकडचा देशी साप घरात ठेवणं गुन्हा आहे. परदेशी जनावर पाळायचं तर सरकारकडे नोंद करावी लागते, ती ऋतुजानं रीतसर केलेली होती.

बार्शीत लाडू दर दहा-बारा दिवसांनी एक उंदीर खायचा आणि तृप्त होऊन पडून राहायचा. सोलापुरात आल्यापासून त्यानं उंदराकडे पाहिलंही नव्हतं. नुसत्या उपासाची मला काळजी नव्हती. हे जनावर थंडीत किंवा जागा बदलली की महिना-दोन महिने सहज उपाशी राहतं. आपल्याला एकादशी जड जाते, त्याला चातुर्मासही जात नाही. काळजी वजनाची होती. कारखान्यातल्या सुताच्या काट्यावर टोपलीत घालून आम्ही त्याला तोललं. बार्शीतल्या वजनापेक्षा तो चांगलाच उतरला होता आणि पाठीचा कणा बोटाला लागत होता.

सापाला उचलायची एक रीत असते. वरून झडप घातल्यासारखा हात न्यायचा नाही, कारण वरून येते ती घार. बाजूनं, सावकाश, एक हात छातीखाली, दुसरा पोटाच्या मागच्या भागाखाली. पकडायचं नाही, आधार द्यायचा. मग तो आपणहून हातावर सरकतो. लाडू सरकला नाही. माझ्या ओंजळीत तो घट्ट, गार, चेंडूसारखाच राहिला. बऱ्याच वेळानं गुंडाळी सैल झाली तेव्हा मी तोंड उघडून पाहिलं, हिरड्या पाहिल्या, छातीला कान लावला, खवल्यांत गोचीड-किडे आहेत का बघितलं. कुठं काही नव्हतं.

"काय झालंय त्याला?" व्यंकटेशनं विचारलं.

"आजार नाही. स्ट्रेस आहे."

"सापाला कसलं टेन्शन?"

"ते तो सांगत नाही, हीच तर अडचण आहे. गाय हंबरते, कुत्रं भुंकतं. साप फक्त जेवायचं बंद करतो."

व्यंकटेशचे वडील नरसय्या एवढा वेळ खुर्चीवर बसून ऐकत होते. साठीचा, सडसडीत, कमी बोलणारा माणूस. ते म्हणाले, "डॉक्टर, तुमी इलाज करा, आमी न्हाय म्हनत न्हाय. पन घरात साप मरनं चांगलं नसतंय. लक्ष्मीसारखी सून आलीय, वर्षाच्या आत असलं काही नको. पाडव्यापर्यंत बघू. जेवला तर ठीक, नाहीतर व्यंकटेश त्याला बार्शीला पोचवून येईल."

ते रागानं बोलत नव्हते. त्यांच्या मनात खरंच भीती होती.

निघताना ऋतुजा मला फाटकापर्यंत सोडायला आली. लग्नाचा चुडा हातात होता, पण डोळ्यांखाली काळं आलं होतं. नवी नवरी अशी दिसत नाही. म्हणाली, "मॅडम, लाडू गेला तर मी पण जानार बार्शीला."

"म्हणजे? चार दिवस?"

"न्हाय. राहायला."

"घरात काही बोललं का कुणी?"

"छे. मानसं लई चांगली हायत. म्हनून तर कळत न्हाय मला. समदं चांगलं हाय आन् मला हितं श्वास घेता येत न्हाय." एवढं बोलून ती फाटकाची कडी उगाचच वर-खाली करत राहिली.

मला वाईट वाटलं. पण मी जनावरांची डॉक्टर. मी लाडूकडेच बघायचं ठरवलं.

लाडूच्या स्ट्रेसचं एक कारण तर मी तिथं असतानाच दारातून आत आलं होतं. पाच-सहा बायका, नव्या सुनेला बघायला आलेल्या. ऋतुजाला पाटावर बसवलं, ओटी भरली, साडीचा पोत बघितला. मग अम्मांनी, म्हणजे तिच्या सासूबाईंनी, अभिमानानं पेटीकडे हात केला. ऋतुजानं लाडूला बाहेर काढलं. अम्मा स्वतः चार हात लांब उभ्या, कारण त्यांना सापाची प्रचंड भीती. बाकीच्यांनी मात्र एकेक करून हात लावला, हळद वाहिली, कुंकू वाहिलं, कुणी डोळ्यांना बोटं टेकवली. लाडू चेंडू होऊन बसला. तो मान देतोय, असा बायकांचा समज झाला.

"हे रोज होतं?" मी ऋतुजाला विचारलं होतं.

"लोक तर रोज येतात की."

नव्या सुनेनं नको म्हणायचं नसतं. लाडूला तर नको म्हणताच येत नाही.

निघण्याआधीच मी अम्मांना बसवून समजावलं होतं. माणसांनी हाताळणं बंद. धूप, ऊद, कापूर बंद, कारण सापाचं फुप्फुस नाजूक असतं. पेटीत एका बाजूला ऊब, दुसऱ्या बाजूला गारवा, म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता येईल. आपल्याकडची हवा कोरडी, तेव्हा नारळाचा काथ्या ओला करून तळाशी अंथरायचा. आणि लपायला एक फुटकं मडकं पालथं घालायचं, जेमतेम मावेल असं. सापाला मोठी खोली नको असते. चहूबाजूंनी अंगाला काहीतरी लागलं की त्याला सुरक्षित वाटतं.

"आन् लोकांना काय सांगू?" अम्मा म्हणाल्या. "सुनेनं साप आनला, सासूनं लपवून ठेवला, असं बोलतील की."

"झोपलाय म्हणून सांगा."

"सगळा दिवस?"

"अम्मा, तो तसाही सगळा दिवस झोपतोच."

हे त्यांना पटलं नाही, पण त्यांनी केलं. कारखान्यातला एक सेकंडचा टॉवेल आणला, सेकंडचा म्हणजे विणीत चूक राहिलेला, विकायला न जाणारा, आणि पेटीच्या तीन बाजू झाकून टाकल्या. मला वाटलं, काम झालं. त्या दिवशी कारखान्याला आठवड्याची सुट्टी होती. घर इतकं शांत होतं की समईत वात चुरचुरल्याचंही ऐकू येत होतं.

काम झालं नव्हतं. आठवडा गेला, ऋतुजाचा फोन आला. उंदीर समोर धरला की लाडू मान वळवतो. रात्री पेटीच्या कोपऱ्यात नाक घासत राहतो. मी पुण्याच्या एका डॉक्टर मैत्रिणीला फोन केला, ती असल्या परदेशी जनावरांचंच बघते. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू सगळं बरोबर केलंयस. अजून काहीतरी त्याला त्रास देतंय. ते शोध. तोंडात कोंबू मात्र नकोस."

कोंबणं म्हणजे नळीनं पोटात अन्न सोडणं. अगदी शेवटचा उपाय. त्यानं जनावर वाचतं, पण घाबरलेलं जनावर आणखी घाबरतं.

व्यंकटेश क्लिनिकवर आला. "मॅडम, इंजेक्शन नसतं का भूक लागायचं?"

"असतं. पण त्याला भूक आहे. त्याला भीती आहे म्हणून तो जेवत नाही."

"कशाची भीती? आता तर कुणी हात पण लावत नाही."

"तेच बघायला येते. उद्या दुपारी."

"उद्या कारखाना चालू असेल. आवाज असतो लई."

"असू दे."

मार्चची दुपार होती. सोलापूरचं ऊन तुम्हाला माहीत असेल तर सांगायला नको, आणि माहीत नसेल तर सांगून कळणार नाही. रस्ते ओस पडलेले. गल्लीत शिरल्यापासून दोन्ही बाजूंनी मागांचा आवाज, खट-खटक, खट-खटक, एकाचा दुसऱ्यात मिसळलेला. बाहेरच्या माणसाचं पहिल्या मिनिटाला डोकं उठतं. दहाव्या मिनिटाला तो आवाज आहे हेच विसरायला होतं. मग डोळे जड होतात.

घरात पुरुष कारखान्यात गेलेले. ऋतुजा आत काहीतरी निवडत बसलेली. अम्मांनी मला ताक दिलं. मी पेटीशेजारी चटईवर बसले, भिंतीला पाठ लावली आणि लाडूकडे बघत राहिले. हेच माझं काम होतं. काही करायचं नाही, बघायचं. टॉवेलाच्या फटीतून उजेडाची एक तिरीप मडक्यावर पडली होती. मडक्याच्या फुटक्या तोंडातून गुंडाळीचा एक वळसा दिसत होता आणि तो वळसा श्वासाबरोबर जरा फुगत होता, जरा बसत होता. फुगत होता, बसत होता. बाहेर खट-खटक. मी पाहता पाहता कधी पेंगले ते मला कळलं नाही.

मला वाटलं मी करकंबला मामाच्या बैलगाडीत झोपले आहे. कडब्यावर, उताणी. गाडी चाललीय, चाकं खडीवरून जातायत आणि लाकडातून बारीक थरथर माझ्या डोक्यात येतेय, दातांत येतेय. वर आभाळ हलतंय. गाडी कुठं निघालीय ते कुणी सांगत नाही, आणि मला उतरायचंय पण गाडी थांबतच नाही. आधी मजा वाटली. मग मी कडबा घट्ट धरून ठेवला.

डोळे उघडले तर माझं डोकं भिंतीला टेकलेलं होतं. दात खरंच थरथरत होते, अगदी किंचित. मी डोकं भिंतीपासून काढलं. थरथर थांबली. पुन्हा टेकलं. पुन्हा सुरू. मग माझी नजर पेटीतल्या पाण्याच्या वाटीवर गेली. वाटीला कुणी हात लावला नव्हता, आणि पाण्यावर बारीक गोल वलयं उठत होती. एक विरायच्या आत दुसरं.

देव्हाऱ्याची भिंत म्हणजे कारखान्याची भिंत. घरातली मानाची जागा म्हणून अम्मांनी लाडूला देवाशेजारी बसवलं होतं, आणि भिंतीच्या पलीकडच्या अंगाला सगळे माग ओळीनं धडधडत होते.

सापाला बाहेरचा कान नसतो. आपण आवाज हवेतून ऐकतो. तो बराचसा जमिनीतून ऐकतो, जबडा टेकवून. जमीन हलली म्हणजे काहीतरी मोठं येतंय, एवढं त्याला कळतं. सकाळच्या पाळीपासून रात्रीची पाळी संपेपर्यंत लाडूच्या दिशेनं काहीतरी मोठं येत होतं आणि पोचत मात्र नव्हतं. कुणाला घास गिळेल?

"अम्मा, जरा इकडे या," मी हाक मारली. "हे पाणी बघा."

त्या नेहमीसारख्या चार हातांवर थांबल्या आणि तिथून वाकून बघितलं. "पानी हाय की."

"हलतंय."

"कुटं हलतंय?"

मी त्यांचा हात धरून भिंतीवर ठेवला. त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या, "भिंत अशीच असती की, डॉक्टरम्मा."

ती बाई खोटं बोलत नव्हती. माहेरी माग, सासरी माग. न हलणाऱ्या भिंतीला तिनं कधी फारसा हात लावलाच नव्हता. "लूम थांबला की आमाला जाग येते," त्या म्हणाल्या. "लाइट गेली की सगळी गल्ली उठून बसती."

ऋतुजा एव्हाना येऊन उभी राहिली होती. ती वाटीतल्या पाण्याकडे टक लावून बघत होती. मी तिला सहज विचारलं, "तुमची झोपायची खोली कुठली?"

तिनं बोट दाखवलं. देव्हाऱ्याच्या पुढची खोली. तीच भिंत.

"उशी कुठल्या बाजूला?"

"भिंतीकडं."

"झोप लागते?"

तिनं नकारार्थी मान हलवली. मग एकदम तिचे डोळे भरून आले. "आंग थरथरतंय असं वाटतंय मॅडम, रातभर. लूम बंद झाला तरी वाटत राहतंय. मला वाटलं मलाच काय तरी झालंय. डोक्याचं."

"मग सांगितलं का नाहीस कुणाला?"

"काय सांगू? समदे झोपतात की."

अम्मांचा हात अजून भिंतीवरच होता. तो त्यांनी काढला, तळव्याकडे बघितलं, पुन्हा भिंतीवर ठेवला. या वेळी बराच वेळ. त्यांना काही जाणवलं की नाही, देव जाणे. पण ऋतुजाकडे त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी विसरणार नाही. घरात दोन महिने एक माणूस जागं होतं आणि आपल्याला पत्ता नव्हता, हे त्यांना त्या क्षणी कळलं होतं.

आता प्रश्न जागेचा. मी हातात पाण्याची वाटी घेऊन घरभर फिरले. कुठल्याही मोजमापाच्या यंत्रापेक्षा बरी. वरची खोली पत्र्याची, तिथं उन्हाळ्यात साप भाजून निघेल. स्वयंपाकघरात वलयं. हॉलमध्ये वलयं. अंगण ओलांडून रस्त्याच्या बाजूला एक जुनी दगडी खोली होती. तिथं वाटी जमिनीवर ठेवली. पाणी निपचित. आत एक खाट, एक ट्रंक, भिंतीवर लग्नातला फोटो.

"ही कुणाची खोली?"

"माजी," अम्मा म्हणाल्या. अर्धशिशीचा त्रास सुरू झाल्यापासून त्या दुपारी इथं पडत. घरातलं त्यांचं स्वतःचं असं एवढंच.

"लाडूला इथं ठेवलं तर जगेल."

अम्मांनी खाटेकडे बघितलं, ट्रंकेकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता. जो साप चार हातांच्या आत कधी येऊ दिला नाही, तो उशाशी.

"वद्दु," त्या म्हणाल्या. नको. आणि तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात निघून गेल्या.

त्यांच्यावर मी रागवू शकले नाही. भीती ही भीतीच असते, ती लाडूला असो की अम्मांना. ऋतुजा पेटीजवळ जाऊन बसली. तिनं हात आत घातला नाही, नुसती काचेला बोट लावून बसली. मी पिशवी उचलली. बाहेर पडताना माझ्या मनात आलं, पाडव्याला दोघंही बार्शीच्या एसटीत असणार, आणि या घरातल्या कुणाचीही त्यात काही चूक नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यंकटेशचा फोन आला. "मॅडम, अम्मांनी पहाटे खाट बाहेर काढली."

"कुणाची?"

"स्वतःची. हॉलमध्ये आणून टाकली. ट्रंक पण. मला म्हणाल्या, पेटी नेऊन ठेव माझ्या खोलीत. आणि सुनेची गादी पण ठेव."

"आणि नाना काय म्हणाले?" त्याच्या वडिलांना घरात नाना म्हणत.

"नाना काय बोलणार? खाट उचलायला दुसऱ्या बाजूला तेच होते."

मी सांगितलं, आता आठवडाभर कुणी पेटीत डोकावायचंही नाही. पाणी बदलायचं, काथ्या ओला ठेवायचा, बस. उंदीर दाखवायचाही नाही. उपचार म्हणून काही न करणं घरच्यांना फार जड जातं. रोज एक गोळी द्या म्हटलं असतं तर आनंदानं दिली असती.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी मी गेले. दिवेलागणीची वेळ. बॉल पायथन शिकार करतो तो याच वेळी, उजेड पूर्ण गेलेला नसताना. ऋतुजानं उंदीर गरम पाण्यात ठेवून वितळवला होता. मग कोरडा करून त्याचं डोकं हेअर ड्रायरनं कोमट केलं. सापाच्या ओठांवर बारीक खाचा असतात, त्यांना ऊब दिसते म्हणा ना. गार उंदीर त्याच्या लेखी दगड. लांब चिमट्यात उंदीर धरून तिनं तो मडक्याच्या तोंडाशी नेला आणि हात स्थिर ठेवला.

अंगणापलीकडे माग चालू होते, पण इथं ते दूरच्या गावी चालल्यासारखे वाटत होते. खिडकीतून येणारा उजेड निळा होत गेला. काचेवर ऋतुजाचा चेहरा दिसत होता आणि त्याच्या आत, त्याच जागी, मडक्याचं काळं तोंड. त्यातून लाडूचं डोकं बाहेर आलं. अगदी सावकाश, झोपेतून उठल्यासारखं. जीभ बाहेर, आत. पुन्हा बाहेर. डोकं थांबलं. किती वेळ गेला ते सांगता येणार नाही, तो वेळ घड्याळातला नव्हताच.

झडप दिसलीच नाही. चिमटा हलला आणि उंदीर लाडूच्या विळख्यात होता, एवढंच. ऋतुजानं चिमटा सोडून दिला आणि तोंडावर हात ठेवला. मग सुरू झालं ते गिळणं, शांत, बिनघाईचं. जबडा एका बाजूनं पुढे, मग दुसऱ्या बाजूनं. घशातून एक फुगवटा हळूहळू खाली सरकत गेला. बघताना डोळ्यांवर झापड यावी इतकं निवांत जेवण.

"तिन्नदि," मागून आवाज आला. जेवला. अम्मा उंबऱ्याच्या आत येऊन उभ्या होत्या, पेटीपासून जेमतेम हातभर अंतरावर. त्या रडत होत्या आणि ते लपवायची त्यांनी काही खटपट केली नाही.

"आता दोन दिवस हात लावायचा नाही," मी सांगितलं. "जेवल्यावर उचललं तर ओकून टाकतो."

"कोन लावतंय हात," अम्मा म्हणाल्या. "बघू दे आता कोन येतंय ते."

नरसय्यांनी बार्शीचा विषय पुन्हा काढला नाही. लाडू त्यानंतर नियमानं जेवायला लागला. वैद्यकीय दृष्टीनं गोष्ट इथंच संपते.

पण काही दिवसांनी वजन बघायला मी गेले, ती भर दुपारी. अंगणात बाजेवर अम्मा बसल्या होत्या. दगडी खोलीचं दार ओढून घेतलेलं. शेजारच्या दोन बायका ओटीचं सामान घेऊन आल्या होत्या, नवी सून बघायला. त्यांना अम्मा फाटकातूनच परत पाठवत होत्या. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

दाराच्या फटीतून मी डोकावले. फरशीवर गादी टाकून ऋतुजा झोपली होती, पालथी, तोंड जरा उघडं, एक हात गादीबाहेर. लहान मूल झोपतं तशी बेशुद्ध झोप. पेटीत मडक्याच्या आत लाडू. खोलीत कसलाच आवाज नव्हता.

"वजन करायचं होतं," मी म्हणाले.

"नंतर करा," अम्मा माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या. "दोघं झोपलेत."

मागांच्या वरताण बोलायची सवय लागलेली ती बाई. तिचा आवाज अंगणात असला तरी गल्लीच्या टोकाला ऐकू जातो. त्या दुपारी तिनं मला चहा दिला, सुनेबद्दल, सापाबद्दल, आपल्या अर्धशिशीबद्दल, सगळं सांगितलं, आणि ते सगळं कुजबुजत सांगितलं. मी पेशंटला हात न लावता परत आले.

तेव्हापासून कुणाचं जनावर जेवत नाही म्हणून बोलावणं आलं, की मी आधी विचारते, घरात झोप कुणाला लागत नाही.